फुकट वाटलेल्या चिप्सचा धंदा : स्टेसीज पिटा चिप्स, एक प्रकरण अभ्यास

चालू धंदा बंद करायचा आणि आजवर गिऱ्हाइकांना फुकट वाटत आलेली वस्तू विकायला काढायची, असा निर्णय बॉस्टनमधल्या एका जोडप्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतला. धंदा पडला होता असंही नाही. दुपारी त्यांच्या सँडविचच्या गाडीसमोर रांग लागत होती. आणि विकायची वस्तू कोणती, तर दिवसभराच्या विक्रीतून उरलेल्या पावाचे ओव्हनमध्ये कडक केलेले तुकडे. साधारण दहा वर्षांत त्या तुकड्यांची कंपनी पेप्सिकोच्या फ्रिटो-ले या विभागाने विकत घेतली. किंमत सांगितली जाते ती २५ कोटी डॉलर.

ही गोष्ट बहुतेक वेळा या आकड्यापासून मागे सांगितली जाते. मग मधले सगळे निर्णय आपोआप शहाणपणाचे दिसू लागतात. घेतले तेव्हा ते तसे दिसत नव्हते, म्हणून मी मधल्या भागावरच जास्त थांबणार आहे. आपल्याकडे पौष्टिक खाऊचा उद्योग काढणारी जोडपी पहिला प्रश्न विचारतात तो ‘पौष्टिक काय करायचं?’ हा. नाचणीची बिस्किटं, ज्वारीचा चिवडा, मखाणे, खजुराचे लाडू अशी यादी होते, नाव ठरतं, लोगोही होतो. बॉस्टनच्या या दोघांच्या बाबतीत तो प्रश्न बराच नंतर आला. आधी सुटले ते दोन प्रश्न: माल टिकतो किती दिवस, आणि दुकानात तो ठेवायचा कुठे. कंपनी उभी राहिली ती या दोन उत्तरांवर, असं माझं मत आहे. पौष्टिकपणाचा तिला फायदा झाला, पण कंपनी चालली ती त्यावर नव्हे.

गाडी

स्टेसी मॅडिसनचं शिक्षण समाजकार्यातलं, मार्क अँड्रस मानसशास्त्रातला. दोघांपैकी कुणाचाही पिंड व्यापाऱ्याचा नव्हता, आणि डोक्यावर शिक्षणासाठी काढलेली कर्जं होती. त्यांना हवं होतं एक छोटं रेस्टॉरंट, जिथे ताजं, हलकं, बरं जेवण मिळेल. रेस्टॉरंटला लागणारं भांडवल नव्हतं. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी हॉट डॉग विकायच्या एका गाडीत फेरफार करून घेतले आणि ती बॉस्टनच्या फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे बँका आणि कचेऱ्यांच्या भागात उभी केली. नाव ‘स्टेसीज डी-लाइट्स’. त्या वेळी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. ते पुढे झालं, आणि पुढे मोडलंही. त्याबद्दल नंतर.

गाडीवर मिळायचं ते पिटा ब्रेडमध्ये गुंडाळलेलं सँडविच. दुबई-मस्कतला राहून आलेल्यांना पिटा वेगळा सांगायला नको, खुबूसच्याच घराण्यातला तो पाव. कडक तापलेल्या भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, पाव फुगतो, दोन पदर सुटतात, आणि थंड झाल्यावर मध्ये खिसा राहतो. त्यात भाज्या, चिकन, चटणीसारखं काही भरलं की हातात धरून खाता येईल असं जेवण तयार.

सँडविच मागणीप्रमाणे ताजं बनायचं, त्यामुळे रांग लागायची. रांग लांब दिसली की आपल्याला बरं वाटतं, पण कचेरीतल्या माणसाची जेवणाची सुट्टी ठरलेली असते. पुढे दहा माणसं दिसली की तो दुसऱ्या गाडीकडे वळतो. त्याला थांबवून ठेवायला काहीतरी हवं होतं. उरलेले पिटा होतेच. दोघांनी ते कापून, कधी दालचिनी-साखर, कधी पार्मेझान चीज आणि लसूण लावून भाजायला सुरुवात केली, आणि रांगेत उभ्या असलेल्यांना ते तुकडे वाटू लागले. फुकट.

यात एकाच वेळी तीन गोष्टी साधत होत्या. वाया जाणारा पाव वापरला जात होता, गिऱ्हाईक रांगेत टिकत होतं, आणि रोज तोंडावर प्रतिक्रिया मिळत होती. तिसरी गोष्ट त्यांनी योजलेली नव्हती, पण किमतीची तीच होती. नवा पदार्थ काढणारे आपण काय करतो? नातेवाइकांना, सोसायटीतल्या शेजाऱ्यांना चव देतो आणि विचारतो, “कसं झालंय?” कोण वाईट म्हणणार? इथे चव घेणारी माणसं अनोळखी होती आणि त्यांना कुणाचं मन राखायचं नव्हतं. अशी माणसं ‘हे विकत मिळेल का?’ असं विचारू लागली, तेव्हा त्या प्रश्नाला वजन होतं.

तीन वाटा

आता खरी अडचण बघू. गाडी चांगली चालत होती, तरी तिच्या कमाईला कुंपण होतं. विक्री दुपारच्या जेमतेम दोन तासांत. शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद, म्हणजे रस्ता ओस. बॉस्टनचा हिवाळा म्हणजे बर्फ. शून्याखालच्या वाऱ्यात रस्त्यावर उभं राहून सँडविचची वाट बघणारे किती निघणार? आणि दोन तासांत दोघांचे चार हात जेवढी सँडविचं भरतील, तेवढीच विकली जाणार. मागणी कितीही वाढली तरी विक्री त्या प्रमाणात वाढणं शक्य नव्हतं.

पुढे जायला तीन वाटा होत्या. आणखी गाड्या काढायच्या, मूळ स्वप्नातलं रेस्टॉरंट उघडायचं, किंवा चिप्स.

पहिल्या वाटेत त्याच अडचणी गाड्यांच्या संख्येने गुणल्या जातात, आणि वर पगारी माणसं येतात. रेस्टॉरंटला छप्पर मिळतं, हिवाळा आड येत नाही, पण भाडं आणि कर्ज येतं, आणि माल रोज ताजा विकावा लागतो. आज न खपलेलं सँडविच उद्या फेकायचं. चिप्सचं तसं नाही. आज केलेल्या चिप्स पुढच्या महिन्यात, शंभर मैलांवरच्या गावात, ज्याने ही गाडी कधी पाहिली नाही अशा माणसाला विकता येतात. बनवण्याची वेळ आणि खाण्याची वेळ यांची ताटातूट झाली की धंदा जागेच्या आणि हवामानाच्या तावडीतून सुटतो. मागे वळून बघताना हे उघड वाटतं. त्या वेळी मात्र रोजचा गल्ला गाडीवर येत होता आणि चिप्सवर एक सेंटही मिळत नव्हता. दोघांनी चिप्स निवडल्या. त्यांची अपेक्षाही माफक होती, आपल्या भागात चालणारा एक बरा धंदा व्हावा, एवढीच.

हा निर्णय धाडसाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो होताही. पण गाडी चालू असतानाच चिप्सचं काम सुरू झालं होतं. दिवसा सँडविच, आणि एका प्रेट्झेल (पिळा घातलेला खारा पाव) बनवणाऱ्याची जागा मोकळी झाली की रात्री तिथे चिप्स. स्वतःची भट्टी नाही, स्वतःची जागा नाही. दुसऱ्याची यंत्रं त्याच्या फावल्या वेळात वापरायची. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात कर्ज काढून स्वयंचलित फ्रायर आणि पॅकिंग मशीन घेणारे पाहिले की मला ही रात्रपाळी आठवते. गावातली बेकरी दुपारनंतर मोकळी असते, मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर मुहूर्त नसलेल्या महिन्यांत रिकामं असतं. भाड्याने मागायला लाज वाटते, एवढीच अडचण.

उरलेलं संपल्यावर

इथे एक मुद्दा आहे जो या गोष्टीच्या गोडव्यात हरवतो. चिप्सचा कच्चा माल फुकट होता, कारण सँडविचची गाडी चालत होती. गाडी बंद झाली की उरलेला पाव कुठून येणार? आता पिटा मुद्दाम करून किंवा विकत घ्यायचा, तो शिळा होऊ द्यायचा, आणि मग भाजायचा. म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो. पावाची किंमत आली, तो साठवण्याची जागा आली, दोनदा भाजण्याचं इंधन आलं. घरगुती उद्योगांच्या हिशेबात हाच खड्डा वारंवार दिसतो. घरचा गॅस, घरचं मीठ, सासूबाईंची मदत, स्वतःची मजुरी, सगळं फुकट धरून किलोचा भाव काढलेला असतो. ऑर्डर वाढली की यातली एकेक गोष्ट विकत घ्यावी लागते आणि नफा दिसेनासा होतो. चिप्सचा भाव बटाट्याच्या चिप्सपेक्षा चढा ठेवावा लागला, यामागे हेच साधं कारण आहे.

शिळं होऊ देणं हे तर प्रक्रियेतलं एक पाऊलच आहे. ताजा पिटा मऊ आणि ओलसर असतो. तो सुरीखाली दबतो, नीट कापला जात नाही, आणि भट्टीत गेला की वरून लाल होतो तरी आतून चिवट राहतो. एक दिवस ठेवला की पिष्टाची रचना बदलते, पाव घट्ट होतो, धारेने कापला जातो. मग मंद आचेवर त्यातलं पाणी काढून टाकायचं. आपल्या बेकऱ्यांतले टोस्ट याच वाटेने होतात: आधी पाव, मग काप, मग दुसऱ्यांदा भट्टी. पाणी जवळजवळ नसल्यामुळे बुरशी आणि जिवाणूंना वाव उरत नाही, आणि हवाबंद पिशवीत माल आठवडेच्या आठवडे कुरकुरीत राहतो. उरतो तो तेलाचा प्रश्न. तेल हवेने खवट होतं. तळलेल्या चिप्समध्ये तेल जास्त, म्हणून ती काळजीही जास्त. वरून थोडं तेल लावून भाजलेल्या तुकड्यात ती कमी. पौष्टिकपणाआधी टिकाऊपणा सुटला असं मी म्हणतो ते यासाठी: ज्या कृतीने तेल कमी झालं, त्याच कृतीने मालाचं आयुष्यही वाढलं. दोन गोष्टी एकाच भट्टीतून निघाल्या, हे भाग्यच.

हाताने कापण्यात मात्र जीव जात होता. पिटा गोल, पदर दोन, जाडी सगळीकडे सारखी नाही, आणि तुकडे एकसारखे हवेत, नाहीतर एकाच ट्रेमध्ये काही करपतात आणि काही कच्चे राहतात. पिटा कापायचं तयार यंत्र बाजारात नव्हतं. ते नव्याने घडवून घेण्याऐवजी त्यांनी गाजर कापायचं यंत्र घेऊन त्यात बदल करून घेतले. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत आवडणारा तपशील हा आहे. खाद्ययंत्रांच्या बाजारात फिरताना ‘माझ्या पदार्थाचं मशीन आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नाही येतं, किंवा परवडणार नाही असा भाव येतो. ‘अशा जाडीचं, असं कडक काहीतरी कापणारं काय आहे?’ असं विचारलं तर गाजरही चालतं.

पुढे कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या रँडॉल्फ या गावी स्थिरावली. विक्री दरवर्षी साधारण दुप्पट होत गेली आणि २००५ च्या सुमारास वर्षाला सहा कोटी डॉलरच्या पुढे पोचली. दुप्पट हा शब्द कानाला गोड लागतो. कारखान्यात त्याचा अर्थ असा की गेल्या वर्षी बसवलेली भट्टी या वर्षी अपुरी, गेल्या वर्षीची जागा या वर्षी लहान, आणि माल दुकानात गेल्यावर पैसे येईपर्यंत पुढच्या मालाचा पाव आज रोखीने घ्यायचा. वाढीतच धंदे बुडतात ते या अंतरामुळे.

चिप्सच्या रांगेत न जाणं

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

अमेरिकन सुपरमार्केटमध्ये चिप्सची एक लांबलचक रांग असते, आणि त्या रांगेवर फ्रिटो-लेचं राज्य आहे. या कंपनीची माणसं स्वतःच्या ट्रकमधून माल थेट दुकानात आणतात, स्वतः फळीवर लावतात, जुना उचलतात. दुकानदाराला हात लावावा लागत नाही. नव्या कंपनीला त्या रांगेत फूटभर जागा हवी तर अनेक साखळी दुकानं जागेचे आगाऊ पैसे मागतात. हे राज्य किती पक्कं होतं त्याचा दाखला नेमका १९९६ चाच आहे. बडवायझर बिअर बनवणाऱ्या अन्हायझर-बुश या बलाढ्य कंपनीने १९७९ पासून ‘ईगल स्नॅक्स’ या नावाने खारे शेंगदाणे आणि चिप्स विकायचा प्रयत्न चालवला होता. पैसा होता, ट्रक होते, जाहिराती होत्या. १९९६ मध्ये तिने तो धंदा गुंडाळला. तिचे चार कारखाने कुणी घेतले? फ्रिटो-लेने.

ज्या वर्षी बिअरचा सम्राट त्या रांगेतून बाहेर फेकला गेला, त्याच वर्षी स्टेसी आणि मार्क रस्त्यावर चिप्स फुकट वाटत होते. पुढे दुकानात माल ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या रांगेत जायचा हट्ट धरला नाही. त्यांच्या पिशव्या डेली विभागात लागल्या, जिथे चीज, हमस (काबुली चण्यांची चटणी), ऑलिव्ह आणि कापलेलं मांस मिळतं. तिथे गिऱ्हाईक वेगळं, घाई कमी, भाव बघण्याची सवयही कमी. आणि पिटाची हमसशी जुनी सोयरीक. हमस घेणाऱ्याला ते कशाशी खायचं हा प्रश्न पडतोच, उत्तर शेजारीच ठेवलेलं. बटाट्याच्या चिप्सच्या शेजारी ठेवली असती तर हीच पिशवी महाग आणि विचित्र दिसली असती. चीजच्या शेजारी ती स्वस्त आणि साजेशी दिसली.

वस्तू तीच, भाव तोच. शेजार बदलला की ती वेगळ्या मापाने मोजली जाते. आपल्याकडे ज्वारीच्या चकल्यांचं पाकीट किराणा दुकानात नामांकित फरसाणाच्या माळेत लटकवलं की गिऱ्हाईक आधी वजन आणि किंमत बघतं, आणि तिथे हार ठरलेली. तेच पाकीट कॉफीच्या दुकानात, योगवर्गाच्या काउंटरवर, सेंद्रिय धान्याच्या दुकानात किंवा दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये ठेवलं तर तुलना बदलते. खप थोडा असेल, पण पाकिटाचा भाव टिकेल, आणि सुरुवातीला भाव टिकणं खपापेक्षा मोलाचं असतं.

पौष्टिक किती?

त्या काळाची हवा बघायला हवी. १९९४ पासून अमेरिकेत पाकिटबंद पदार्थांवर पोषणमूल्यांचा तक्ता सक्तीचा झाला होता. चरबी हा खलनायक ठरला होता. कमी चरबीची बिस्किटं, कमी चरबीचं आइस्क्रीम, सगळीकडे तेच. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या ‘ओलेस्ट्रा’ या कृत्रिम चरबीला खाऱ्या खाऊत वापरायची परवानगी दिली. ओलेस्ट्रा शरीरात पचतच नाही, त्यामुळे तिच्यात तळलेल्या चिप्समधून चरबीच्या कॅलरी मिळत नाहीत. फ्रिटो-लेने १९९८ मध्ये देशभर ‘वॉव’ चिप्स आणल्या. पाकिटावर मात्र पोटात कळा येऊ शकतात, जुलाब होऊ शकतात अशा अर्थाचा इशारा छापावा लागत होता. सुरुवातीला धडाक्याने खपलेल्या या चिप्स नंतर झपाट्याने उतरल्या. खाऊच्या पाकिटावर पोटाचा इशारा वाचून कोण किती दिवस खाणार?

म्हणजे एकीकडे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं घडवलेली चरबी, आणि दुसरीकडे भाजलेला शिळा पाव. दुसऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. पिटा, तेल, मीठ. तळलेलं नाही, भाजलेलं आहे. बस.

तरीही हिशेब मांडू. साध्या खारट पिटा चिप्सच्या २८ ग्रॅममध्ये साधारण १३० कॅलरी आणि ५ ग्रॅम चरबी. तेवढ्याच बटाट्याच्या चिप्समध्ये साधारण १६० कॅलरी आणि १० ग्रॅम चरबी. चरबी निम्मी, हे खरं. पण कॅलरीत फरक मूठभर, पाव मैद्याचा, आणि मीठ बटाट्याच्या चिप्सपेक्षा जास्त. रक्तदाब असलेल्या माणसाला डॉक्टर यांतली कोणती पिशवी देईल? मला विचाराल तर कोणतीच नाही. ‘पौष्टिक’ म्हणण्यापेक्षा ‘कमी वाईट’ म्हणणं प्रामाणिकपणाचं ठरेल.

आपल्याकडच्या उद्योजकांनी इथे थांबून एक गणित करावं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार घन पदार्थावर ‘लो फॅट’ लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये चरबी ३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २८ ग्रॅमला ५ म्हणजे १०० ग्रॅमला जवळजवळ १८. जगभर गाजलेला हा ‘हेल्दी’ खाऊ आपल्या नियमाने ‘लो फॅट’ म्हणून विकता येणार नाही. ‘भाजलेले’ लिहिता येईल, कारण ती कृती आहे, पोषणाचा दावा नाही. ‘हेल्दी’, ‘डायट’, ‘गिल्ट-फ्री’ असे शब्द पाकिटावर उधळण्याआधी एकदा प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्यावा. अनेक घरगुती ‘डायट चिवड्यां’ची चरबी अहवालात पाहून करणाऱ्यालाच धक्का बसेल, कारण शेंगदाणे, सुकं खोबरं आणि फोडणीचं तेल मिळून काय होतं ते आपण कधी मोजत नाही.

टिकाऊपणाचंही तेच. बाजरीचं पीठ दळून ठेवलं की काही दिवसांत कडू पडतं, हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. बाजरीत तेलाचा अंश बऱ्यापैकी असतो, आणि दळताच त्यातली द्रव्यं त्या तेलाचं विघटन सुरू करतात. मग बाजरीच्या खाऱ्या पुऱ्यांच्या पाकिटावर ‘सहा महिने उत्तम’ छापताना ते कशाच्या आधारावर छापलं? उन्हाळ्यात विदर्भातल्या दुकानात, उन्हात तापलेल्या काचेमागे हे पाकीट दोन महिने राहिलं तर काय होईल, हे आधी तपासलेलं बरं. खवट पाकीट उघडणारा माणूस तक्रार करत नाही, तो पुन्हा घेत नाही. विक्री का थांबली हे कळायलाच वर्ष जातं.

दोघं

पाकिटावर नाव एकटीचं आहे, स्टेसी. गाडीवरही तेच होतं. धंदा दोघांचा.

कंपनी वाढत असताना दोघांचं लग्न टिकलं नाही. घटस्फोट झाला, आणि तरीही ते एकाच कंपनीत, भागीदार म्हणून काम करत राहिले. स्टेसीने हे नंतर जाहीरपणे सांगितलं आहे. नवरा-बायकोच्या उद्योगांवरच्या कौतुकाच्या लेखांत ही बाजू दोन ओळींत उरकतात. मला ती प्रकरणाच्या गाभ्याजवळची वाटते.

जोडप्याने काढलेल्या धंद्यात भागीदारीचा करार बहुधा नसतो. तो मागणंच अपशकुनी वाटतं. लायसन्स एकाच्या नावावर, बँकेचं खातं दुसऱ्याच्या, पाककृती तिची, ओळखी त्याच्या, आणि पगार कुणालाच नाही. सगळं घरातच आहे ना, मग कशाला? घर ठीक आहे तोवर हे चालतं. पण ज्या दिवशी घर ठीक नसतं त्या दिवशीही उद्या सकाळी सहाला भट्टी पेटवायची असते, कामगारांचा पगार द्यायचा असतो, दुकानदाराला माल हवा असतो. धंद्याला आधार फक्त प्रेमाचा असेल तर तो त्या सकाळी बंद पडतो. या दोघांचा पडला नाही. याचा अर्थ धंदा तोवर त्यांच्या नात्यापासून वेगळा, स्वतःच्या पायावर उभा होता: स्वतःचा हिशेब, स्वतःची माणसं, दोघांनाही हवी असलेली एक किंमत. त्यांच्यातलं खाजगी काय होतं ते त्यांना माहीत, आणि तिकडे डोकावायचं आपल्याला कारण नाही. पण वेगळं झाल्यावरही एकत्र बसून निर्णय घेता आले, ही बाहेरून दिसणारी वस्तुस्थिती पुरेशी आहे.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. जोडप्याच्या धंद्यात सासर-माहेरचा पैसा असतो. कुणाच्या वडिलांनी दोन लाख दिले, कुणाच्या भावाने गाळा दिला. ते कर्ज होतं, भेट होती की हिस्सा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. माझा आग्रह एवढाच: पहिलं पाकीट विकायच्या आधी एक साधा कागद करावा. कुणाचा किती हिस्सा, कोण कोणत्या कामाला जबाबदार, दोघांना महिना किती पगार, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार. हा कागद भांडणासाठी नसतो. भांडण झालं तरी माल वेळेवर निघावा म्हणून असतो.

विकावं की नाही

२००५ च्या अखेरीस फ्रिटो-लेशी व्यवहार जाहीर झाला आणि २००६ च्या सुरुवातीला तो पूर्ण झाला. ज्यांच्या रांगेत जायचं टाळलं, त्यांनीच कंपनी घेतली.

फ्रिटो-लेला यातून काय मिळालं ते समजायला सोपं आहे. ओलेस्ट्राच्या अनुभवानंतर तिला ‘भाजलेलं’, ‘साधं’ असं काहीतरी हवं होतं, आणि डेली विभागात पाय ठेवायला जागा हवी होती, जिथे तिचं बटाट्याचं राज्य चालत नव्हतं. दोनच वर्षांनी पेप्सिकोने इस्रायलच्या स्ट्रॉसबरोबर सब्रा या हमसच्या कंपनीत भागीदारी केली. चिप्स आणि हमस, दोन्ही शेजारी शेजारी, आता एकाच छत्राखाली.

विकणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर प्रश्न अवघड होता. वाढ चालू होती. थांबले असते तर किंमत आणखी वाढली असती, असं म्हणता येईल. पण पिटा चिप्सची कृती गुपित नाही. बेकरी असलेला कुणीही त्या करू शकतो, आणि मोठ्या कंपनीने स्वतःच्या नावाने काढल्या असत्या तर छोट्या कंपनीला डेली विभागातलीही जागा राखणं कठीण गेलं असतं. जिचं संरक्षण पेटंट करत नाही, कृती करत नाही, अशी वस्तू विकायची वेळ मोठ्याने तिची नक्कल करण्याआधीची असते. शिवाय दहा वर्षं रात्रंदिवस भट्टीपाशी काढलेल्या दोघांचं एकत्र घर उरलेलं नव्हतं. धंद्यातला हिस्सा वाटून घ्यायचा सर्वांत सोपा मार्ग रोख पैसा हाच होता. हे शेवटचं माझं अनुमान, पण जोडप्याच्या कंपनीचा विचार करताना ते वगळणं मला बरोबर वाटत नाही.

आपल्याकडे अशा विक्रीकडे ‘परक्याच्या घशात घातली’ अशा नजरेने बघतात. मला ते पटत नाही. पुण्याजवळ रांजणगावला फ्रिटो-लेचाच कारखाना आहे, तिथून निघणारी पाकिटं आपल्या गावातल्या टपरीपर्यंत पोचतात. त्या टपरीवर जागेसाठी त्यांच्याशी वर्षानुवर्षं झगडण्यापेक्षा दोन जिल्ह्यांत पक्का धंदा करून नंतर योग्य किमतीला विकणं हा कमीपणाचा मार्ग नाही. वाईट व्यवहार तो, ज्यात विकताना हिस्सा कुणाचा किती हेच माहीत नसतं.

स्टेसीने पुढे बॉस्टनजवळच्या नीडहॅममध्ये ज्यूस बार काढला. तिथे काउंटरवर ठेवलेले एनर्जी बार लोकांना आवडले, आणि त्यातून ‘बीबोल्ड’ ही नवी कंपनी निघाली. पुन्हा एकदा मुख्य मालाशेजारची वस्तूच पुढे आली. फरक मोठा आहे: हे बार फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. म्हणजे थंड गाडी, थंड गोदाम, दुकानातल्या थंड कपाटात महागडी जागा, आणि न खपलेला माल लवकर परत. पिटा चिप्सच्या वेळी जो प्रश्न भट्टीनेच सोडवून टाकला होता, तो या खेपेला तिने आपणहून ओढवून घेतला. या खेपेला अर्थात तिच्यापाशी भांडवल होतं.